वाचक विचारतात : जुनी गाडी प्रदर्शनाला नेताना

प्रश्न : माझी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी छत्रपती संभाजीनगरच्या प्रदर्शनाला न्यायची आहे. रस्त्याला लागली की झकास पळते, पण गर्दीत थांबली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. मेकॅनिक कार्बोरेटर बदला म्हणतो. बदलू का? (जालना)

उत्तर : इतक्यात नको. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि गार झाल्यावर चालू होणारी गाडी बहुतेक वेळा करंटवर किंवा पेट्रोलवर अडते. बंद पडल्या पडल्या, कुठे पेट्रोल गळत नाही ना हे पाहून, एका प्लगची वायर काढा. तिच्यात जादा प्लग खोचा, त्याची लोखंडी बाजू इंजिनाला टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर उघड्या हाताने धरू नका. ठिणगी निळी, कडक पडली तर करंट ठीक आहे. पिवळट, मरतुकडी पडली किंवा पडलीच नाही, तर संशय कॉइल (प्लगसाठी करंटचा दाब वाढवते ती) आणि तिच्या जोडीचा छोटा भाग, कंडेन्सर, यांवर. कंडेन्सर स्वस्त, म्हणून आधी तो बदला.

करंट ठीक असेल तर पेट्रोलची वाफ होते आहे. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. गाडी पळते तोवर वारा आणि टाकीतून येणारं पेट्रोल त्याला गार ठेवतात. थांबली की सगळी धग पंपात आणि नळीत शिरते, आणि पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढत बसतो. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. पाणी डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या भागावर, उडालं तर नवंच दुखणं मागे लागेल. पक्का इलाज म्हणजे नळी आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा, आणि कार्बोरेटरखालचं उष्णता अडवणारं पॅकिंग शाबूत आहे ना, याची खात्री. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) फुगतो, चिरतो. दोन्ही इथेनॉल सोसणारे घ्या.

गेटवरच्या रांगेत इंजिन चालू ठेवू नका. पंखा पट्ट्यावर, इंजिनाच्याच वेगाने फिरतो. गाडी उभी असताना वारा तोकडा पडतो. बंद करा आणि ढकला. अशा ठिकाणी ढकलायला माणसं कमी पडत नाहीत.

प्रश्न : रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी चालतं का? (बीड)

उत्तर : नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. हिटरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि इंजिन तापतं. जुनं पाणी काढून, आतून धुऊन, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. तयार मिसळलेलं कूलंट आणलं असेल तर त्यात पाणी घालू नका. हे काम आदल्या रात्री नको, आठ दिवस आधी करा : क्षार निघाला की त्याने बुजलेली भोकं गळू लागतात.

प्रश्न : आजोबांची १९६२ ची पेट्रोल जीप आहे, पुढे डिझेल इंजिन बसवलं. तिला व्हिंटेज नंबर मिळेल का? (नांदेड)

उत्तर : या अवस्थेत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज ठरते. डिझेल इंजिन बसवलेल्या जीपगाड्या आपल्या भागात ढिगाने आहेत. त्या सगळ्या इथेच अडतात. मूळ जातीचं पेट्रोल इंजिन मिळालं तर ते आरसी बुकावर चढवून मग अर्जाचं बघा. नव्या व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं; पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. मात्र त्यानंतर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. शेतावर जायला जीप लागत असेल तर या भानगडीत पडू नका.

प्रश्न : प्रदर्शनात विकाऊ गाडी आवडली तर काय तपासावं? (लातूर)

उत्तर : चकाकीवर भुलू नका. मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक खिशात ठेवा आणि मालकाची परवानगी घेऊन दारांच्या खालच्या कडा, चाकांवरचे मडगार्ड, उंबऱ्याचा पत्रा यांवर फिरवा. पत्रा ओढतो तिथे ठीक. जिथे चुंबक निसटतं तिथे खाली पुट्टी आहे. मॅटिंग उचलून फ्लोअर पाहा. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. टायर कधी बनला ते त्याच्यावरच्या कोडच्या शेवटच्या चार आकड्यांवरून कळतं : १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी दहा वर्षांचं रबर दगडासारखं झालेलं असतं, तेव्हा पाच टायरांची किंमत सौद्यातून वजा करूनच बोलणी सुरू करा.