आंबोलीतला तपकिरी साप

मित्रा, तू पाहिलेला हिरवा साप आणि तपकिरी साप वेगळ्या जातींचे का, असं विचारलंस. नाही, दोन्ही मलबार चापडेच (इंग्रजीत मलबार पिट व्हायपर). सह्याद्रीतल्या या एकाच जातीत हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी, निळसर असे कितीतरी रंग दिसतात. आंबोलीला पावसाळ्यात एका रात्रीत तीन रंग भेटले, तेव्हा मीही वहीत तीन जाती लिहून मोकळा झालो होतो! म्हणून रंग शेवटी बघ. आधी त्रिकोणी डोकं, बारीक मान, डोळ्यातली उभी बाहुली, आणि मुख्य म्हणजे डोळा व नाकपुडीच्या मधला खळगा. उष्णता टिपणारा हा खळगा घोणस-फुरशांना नसतो. पण हे सगळं लांबून, झूम लेन्सनं हं! साप विषारी आहे. फांदीवर तासन्‌तास हलत नाही म्हणून त्याला गरीब समजू नकोस.