जांभळे स्फटिक हिरवे का पडले?

प्रश्न : मी मडगावची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. जुलैमध्ये निकेल क्लोराइडच्या हिरव्या द्रावणात संहत अमोनिया घालून हेक्साअमीननिकेल क्लोराइड तयार केले. त्याचे जांभळे स्फटिक कॅल्शियम क्लोराइडच्या डेसिकेटरमध्ये (नमुने कोरडे ठेवण्याच्या बंद भांड्यात) ठेवले, तरी आठवड्याभरात ते कडेने फिकट हिरवे पडले. मैत्रिणीचे कोबाल्टचे केशरी हेक्साअमीन मात्र जसेच्या तसे आहे. माझ्या नमुन्याचे चुंबकीय परिबल (जोडी नसलेले इलेक्ट्रॉन किती हे सांगणारे चुंबकत्वाचे माप) 3.1 बोर मॅग्नेटॉन आले. मग संयुग बरोबर आहे असे मानावे का?

उत्तर : तसे मानू नये. निकेलभोवती सहा अमोनिया असोत वा त्यांतल्या काहींच्या जागी पाणी शिरलेले असो, अष्टफलकीय (धातूभोवती सहा रेणूंच्या) रचनेत त्याचे दोन इलेक्ट्रॉन अयुग्मितच, म्हणजे जोडीविना, राहतात. त्यामुळे परिबल दोन्ही वेळा अशा दोन इलेक्ट्रॉनांसाठी अपेक्षित असलेल्या 2.83 च्या किंचित वरच येते. अमोनियाच्या द्रावणात वर्णपट (कोणता प्रकाश शोषला जातो याचा आलेख) घेतलात तरी फसगत होईल, कारण तिथे बिघडलेला नमुनाही पुन्हा जांभळा होतो.

निर्णय अमोनियाच्या मोजणीवर सोडावा. शुद्ध संयुगात तो वजनाने 44.1 टक्के असतो. 0.232 ग्रॅम नमुना 0.5 नॉर्मल (संहतीचे एकक) हायड्रोक्लोरिक आम्लाच्या 20 मि.लि.मध्ये विरघळवा आणि उरलेल्या आम्लाचे 0.1 नॉर्मल कॉस्टिक सोड्याने अनुमापन करा, म्हणजे ते संपवायला किती सोडा लागतो ते मोजा. नमुना शुद्ध असेल तर ब्युरेटमधून सुमारे 40 मि.लि. सोडा लागेल, अमोनिया उडून गेला असेल तर आम्ल अधिक उरून सोडाही अधिक लागेल. दर्शक (आम्ल संपताच रंग बदलणारे द्रव्य) मिथिल रेड घ्यावा. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग येईपर्यंत थांबलात तर निकेल हायड्रॉक्साइडचा साका बसू लागतो आणि अंतिम बिंदू चुकतो.

आता बिघाडाचे कारण. आषाढ-श्रावणात आपल्याकडे मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते. अशा हवेत निकेलला धरून असलेला अमोनिया सहज निसटतो आणि त्याची जागा पाणी घेते. त्यात कॅल्शियम क्लोराइड ओलाव्याबरोबर अमोनियाही शोषून घेते, म्हणजे ज्याच्यावर आपण भरवसा ठेवला त्यानेच स्फटिकांतला अमोनिया ओढून घेतला. डेसिकेटरमध्ये कळीचा चुना आणि थोडा नवसागर (अमोनियम क्लोराइड) एकत्र ठेवावा. ओलावा चुना घेतो आणि नवसागरातून सुटणारा अमोनिया आतली हवा भारलेली ठेवतो. स्फटिक धुतानाही आधी थंड संहत अमोनिया व मग अल्कोहोल वापरावे, नुसते पाणी कधीही नको.

मैत्रिणीच्या संयुगात कोबाल्ट त्रिसंयुजी आहे. त्याचे सहाही डी-इलेक्ट्रॉन खालच्या, म्हणजे कमी ऊर्जेच्या, तीन कक्षकांत (इलेक्ट्रॉनांच्या जागांत) जोडीने बसलेले असल्याने त्याच्याभोवतीच्या अमोनियाची अदलाबदल अत्यंत सावकाश होते. धातूभोवती असे रेणू कसे जोडलेले असतात याविषयी रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 मध्ये मांडलेल्या उपपत्तीचा मोठा आधार कोबाल्टची अशी टिकाऊ संयुगेच होती. निकेलचे दोन इलेक्ट्रॉन वरच्या कक्षकांत असतात, म्हणून तिथे ही अदलाबदल झपाट्याने होते. तेव्हा नवा नमुना सुकल्याबरोबर घट्ट बुचाच्या कुपीत भरावा आणि अनुमापन त्याच दिवशी उरकावे.