जुना आय७ घेऊ की नवा आय३? प्रोसेसरच्या नावातले आकडे कसे वाचायचे?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या बी.कॉम.साठी लॅपटॉप बघताय, नव्या पेठेत वापरलेला आय७-७५००यू (इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू) असलेला मिळतोय, नवा आय३-१२१५यू सात हजारांनी महाग पडतोय, आणि दुकानदार म्हणतोय आय७ म्हणजे आय७, डोळे झाकून न्या. नका नेऊ ओ. जमत असेल तर सात हजार जास्त घाला आणि आय३ आणा.

मी इथंच सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन बघतो. आमच्याकडं सुताचा नंबर वाढला की धागा बारीक होतो, २/२० पेक्षा २/४० बारीक, पण नवीन पोरगं कामाला आलं की पहिले आठ दिवस मोठा आकडा म्हणजे जाड धागा असंच धरून चालतं. लॅपटॉपच्या स्टिकरवरच्या आय७ चं लोकांचं तसंच होतं. आय३, आय५, आय७ ही एकाच पिढीतली लहान-मोठी भावंडं, पिढी बदलली की ती तुलना गेली. पिढी कळते मागच्या आकड्यावरून. ७५०० म्हणजे सातवी पिढी, २०१६ चा माल, आणि त्यात कोर, म्हणजे आत काम करणारे हात, फक्त २. १२१५ मध्येही आकडे चारच आहेत, पण सुरुवात १ नं आहे म्हणून पहिले दोन धरायचे, म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची, कोर ६ (२ मोठे, ४ छोटे). शिवाय ७५००यू विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे अपडेट येणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मग पोरीनं टॅली शिकायचं का विंडोजच्या मागं लागायचं?

शेवटचं अक्षर पण बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, बॅटरी पुरते. एच म्हणजे ताकदीचा, पण तापतो, आणि आपल्या मे महिन्यात पंख्याखाली बसून तो मांडीवर घेऊन दाखवा.

एफ नं तर मला चांगलंच शिकवलंय. ऑफिससाठी पीसी असेंबल केला, आय५-१२४००एफ थोडा स्वस्त मिळाला म्हणून घेतला. चालू केला, पंखा फिरतोय, लाइट लागतेय, मॉनिटरवर नो सिग्नल. केबल बदलली, हिशोबनीसाचा मॉनिटर उचलून आणला, रॅम काढून खोडरबरनं घासली, परत तेच, दीड तास गेला आणि शेवटी बॉक्स हातात घेतला तेव्हा तो एफ दिसला. एफ असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं, वेगळं कार्ड लागतं. वाचवले त्याच्या तिप्पट त्या कार्डात गेले. दुकानदारानं सांगायला पाहिजे होतं, पण मी पण विचारलं नव्हतं की.

रायझन (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) दाखवला तर अजून जपून. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात फरक दहाचा, पण तिथं तिसरा आकडा आतली रचना सांगतो, २ असेल तर झेन २ ही जुनी रचना, ३ असेल तर झेन ३ ही त्यानंतरची. पहिल्यात ४ कोर, दुसऱ्यात ६. दोन्हीवर स्टिकर मात्र रायझन ५ चंच. आणि इंटेलनं डिसेंबर २०२३ मध्ये कोअर अल्ट्रा आणला तेव्हा आय काढून टाकला, आकडे पण परत १०० पासून सुरू केले, त्यामुळं अल्ट्रा ५ १२५एच ला कुणी पहिल्या पिढीचा म्हटलं तर ऐकून सोडून द्या.

दुकानात गेल्यावर लॅपटॉप चालू करायला लावा, सेटिंग्ज, सिस्टम, मग अबाउट, तिथं प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं, त्याचा फोटो काढा. बिलावर पण तेच नाव अक्षरासकट पाहिजे, नुसतं आय३ लॅपटॉप लिहिलं तर परत लिहायला लावा.