फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड यांत नेमका फरक काय?

वडिलांना वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड आणि तुम्हाला केसगळतीसाठी फिनास्टेराइड दिले आहे, तर एकाच्या गोळ्या दुसऱ्याने घेतल्या तर चालेल का, असा तुमचा प्रश्न आहे. चालणार नाही, जरी दोन्ही औषधे एकाच गटातील असली आणि टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी (केसगळती आणि प्रोस्टेटवाढीला हातभार लावणारे संप्रेरक) तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखत असली तरी.

फिनास्टेराइड या विकराच्या प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारावर काम करते आणि रक्तातील डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी घटवते. ड्युटास्टेराइड दोन्ही प्रकारांवर काम करत असल्याने ही घट ९० टक्क्यांहून अधिक होते. केसांसाठी फिनास्टेराइडची मात्रा १ मिलिग्रॅम, प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम असते, ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये मिळते. अमेरिकेत ड्युटास्टेराइडला केवळ प्रोस्टेटसाठी मान्यता आहे, दक्षिण कोरिया व जपानमध्ये मात्र केसगळतीसाठीही.

माझ्या मते खरा फरक शरीरात टिकण्याच्या काळाचा आहे. फिनास्टेराइडचे रक्तातील प्रमाण सहा ते आठ तासांत निम्मे होते, तर ड्युटास्टेराइडला त्यासाठी सुमारे पाच आठवडे लागतात. त्यामुळे कामेच्छा कमी होण्यासारखा त्रास झाला आणि औषध थांबवले, तरी ड्युटास्टेराइड शरीरात बराच काळ रेंगाळते. ते थांबवल्यावर सहा महिने रक्तदानही करता येत नाही.

वडिलांच्या पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) तपासणीपूर्वी डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचे अवश्य सांगा, कारण दोन्ही औषधांनी तो आकडा साधारण निम्म्यावर येतो. घरात गर्भवती स्त्री असेल, तर तिने फुटलेली गोळी किंवा गळकी कॅप्सूल हाताळू नये.