बर्फाच्या उतारावर दुपारचं जेवण

प्रश्न : मुलगा-सून झुरिकला असतात. फेब्रुवारीत आम्ही दोघं तिकडे जातोय. ते दोघं आणि नात स्की करणार, आम्ही अर्थातच नाही. मुलगा म्हणतो, "क्लायने शायडेगला गाडीने वर या, दुपारी तिथेच एकत्र जेवू." आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. यांचे गुडघे दुखतात. आम्हाला तिथे काय खाता येईल? दशम्या-चटणी बरोबर नेऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काकू, नक्की जा. स्की न करणाऱ्यालाही गाडीतून उतरून थेट स्कीच्या उतारापाशी जेवायला बसता येईल अशी जागा आहे ती. लाउटरब्रुनेन आणि ग्रिंडेलवाल्ड अशा दोन्ही बाजूंनी दातेरी रुळांची गाडी वर येते, तीही १८९३ पासून. फलाटाला लागूनच खाण्याच्या जागा, समोर आयगर या शिखराचा काळा कडा. काकांना चढावं काहीच लागणार नाही. मात्र फलाटाबाहेरचा बर्फ तुडवून तुडवून गुळगुळीत झालेला असतो, म्हणून बुटांवर चढवायचे रबरी काटे घेऊन ठेवा. उंची २,०६१ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटर जास्त.

आता वेळ. स्विस माणसं बाराचा भोंगा झाल्यासारखी सगळी एकदम जेवायला बसतात. त्यात फेब्रुवारीत शाळांना खास स्कीसाठी सुट्टी असते. आपल्या सवयीने एकला पोचलात तर हातात ताट घेऊन उभ्या राहाल. साडेअकरालाच जाऊन बसा. मुलं दमूनभागून येतात तेव्हा टेबल धरून ठेवणारं कुणी असणं ही फार मोठी सोय असते, आणि त्या दिवशी ते काम तुमचं.

खाण्यात तुमचा आधार रोश्टी. बटाटा किसून लोण्यात तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करतात, कडा कुरकुरीत आणि आत मऊ. उपासाचा बटाट्याचा कीस आवडणाऱ्या माणसाला ती परकी वाटत नाही. फक्त वर बहुतेकदा तळलेलं अंडं किंवा श्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, घालतात. तेव्हा नुसतं 'व्हेज' म्हणून थांबू नका, 'ओने श्पेक, ओने आय' असं स्पष्ट सांगा. ओने म्हणजे शिवाय, आय म्हणजे अंडं. दुसरा पदार्थ एल्प्लरमाग्रोनेन : मॅकरोनी, बटाटा, चीज, साय, वर तळलेला कांदा आणि बाजूला सफरचंदाचा गर. ऐकायला विचित्र, पण थंडीत झकास लागतो. काही मॅकरोनीत अंडं असतं, एवढं विचारून घ्या.

सूप मात्र जपून. जवाचं सूप दिसायला साधंभोळं, पण त्यात सुकवलेल्या मांसाचे बारीक तुकडे असतात. भाजीच्या सुपाचं पाणीही पुष्कळदा हाडामांसाचं. फॉन्ड्यूमध्ये, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन आणि वर किर्श ही चेरीची दारू. ॲपल स्ट्रुडेलबरोबरच्या व्हॅनिला सॉसमध्ये अंड्याचा बलक असतो. शिवाय ग्रुयेरसारखी पारंपरिक चीजं वासराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या पाचक द्रव्याने दूध फाडून करतात. आमच्या घरी यावर दोन मतं आहेत : सासूबाई चीजला हात लावत नाहीत, सासरे विषयच निघू देत नाहीत. तुमचं तुम्ही ठरवा.

दशम्या खुशाल न्या, पण त्या गाडीत खा. उपाहारगृहाच्या टेबलावर घरचा डबा उघडलेला तिथे खपत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. बऱ्याच स्की-गावांत डबा खायला वेगळी खोली असते. मुलाला आधी चौकशी करायला सांगा.

रोश्टीला पंचवीस फ्रँकच्या आसपास मोजावे लागतील. रुपयांत हिशेब करायचाच असेल तर जेवण झाल्यावर करा. सेवेचे पैसे बिलातच धरलेले असतात, वर सुटे ठेवले तरी पुरे. साधं नळाचं पाणीही काही ठिकाणी फुकट मिळत नाही.

आणि ऊन! ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हवा गार म्हणून लक्षात येत नाही, आणि संध्याकाळी नाकाची सालं निघतात. काळा चष्मा आणि सनस्क्रीन दोघांनाही हवंच. हनुवटीच्या खालूनही लावा.

प्रश्न : मी म्युनिकला शिकतो. मित्रांबरोबर पहिल्यांदाच स्कीला जातोय. जेवायला आत गेल्यावर बाहेर ठेवलेल्या स्की चोरीला जातात का?
— एक विद्यार्थी

उत्तर : चोरीपेक्षा अदलाबदल जास्त. भाड्याच्या स्की सगळ्या एकसारख्या दिसतात. तुझी एक स्की मित्राच्या एका स्कीबरोबर लाव आणि उरलेल्या दोन दुसऱ्या टोकाच्या घोडीवर. विजोड जोडी कुणी नेत नाही. हातमोजे बाहेर बर्फावर ठेवू नकोस, आत खुर्चीच्या पाठीला अडकव.

स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी तळघरात असतं, आणि ओल्या फरशीच्या पायऱ्यांवर स्कीचे बूट भयंकर घसरतात. वरचे दोन बकल सैल कर, कठडा धर आणि आधी टाच टेकव. मी उतारावर पडलेल्यांपेक्षा त्या जिन्यावर पडलेलेच जास्त पाहिलेत.

बिअर दिवस संपल्यावर. जेवून उठलास की पहिली फेरी निळ्या खुणेच्या सोप्या उतारावर घे, कारण दुपारी पायही दमलेले असतात आणि बर्फही उकरलेला असतो. शेवटची लिफ्ट किती वाजता बंद होते ते जेवायला बसण्याआधीच पाहून ठेव. ती चुकली आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरलास, तर टॅक्सीचं भाडं जेवणापेक्षा महाग पडेल.