दिवाळीच्या शिध्याऐवजी जूनची फी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

गावातल्या नोकरदारांकडून आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या आपल्या मंडळींकडून दरमहा वर्गणी घेऊन ऊसतोड कुटुंबांसाठी निधी उभारण्याचा तुझा विचार मला मनापासून पटला. त्या निधीतून दिवाळीपूर्वी घरोघरी शिधा आणि मुलांना दप्तरे वाटण्याची तुझी योजना मात्र पटली नाही, आणि ती का पटली नाही हे जरा विस्ताराने लिहितो.

गाव पैसे देत नाही, अशी तक्रार तू केली आहेस. आपल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या कोणत्याही गावात हरिनाम सप्ताहाच्या पंगती कोण उचलतो, मंदिराच्या कळसाला किती दिवसांत रक्कम जमते, हे तू पाहिलेले आहेस. तेव्हा देण्याची सवय आणि ऐपत या दोन्ही गोष्टी गावात आहेत. पैसा कोणत्या वेळी आणि कोणाच्या हाती जातो, तेवढे ठरायचे राहिले आहे. शंभर जणांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तरी वर्षाचे 2 लाख 40 हजार होतात. शिधा वाटायचा म्हटला तर ही रक्कम एका दुपारीत संपेल, आणि दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला नेणारे ट्रक ठरल्याप्रमाणेच निघतील.

ऊसतोड कुटुंबाचे वर्ष नीट डोळ्यांसमोर आण. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपवून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, गावी परतते, तेव्हा मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल फिटलेली असते किंवा खाडे धरून काही बाकी पुढच्या हंगामावर चढलेली असते. हातात रोख रक्कम फारशी नसतेच. त्यानंतर जून येतो, आणि बियाणे, खत, मुलीची अकरावीची फी, मुलाचे वसतिगृहाचे पैसे, पहिल्या पावसातले आजारपण या साऱ्या गोष्टी एकाच महिन्यात दाराशी उभ्या राहतात. सावकाराखेरीज पैसे देणारा एकटा मुकादम असतो. त्या दिवशी जी उचल घेतली जाते, तिच्यावरच दिवाळीनंतरच्या सहा महिन्यांचा निकाल लागतो. तुझा शिधा पोहोचेल तेव्हा हा सौदा होऊन कितीतरी आठवडे उलटलेले असतील. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, तुझ्या निधीचे वर्ष जूनमध्ये सुरू झाले पाहिजे.

उचल मोडून काढण्याची भाषा कोणाकडे करू नकोस. ती रक्कम मोठी असते. लग्न, विहीर, जुने कर्ज असे बरेच काही तिच्या पोटात असते. तोडणीचा दर, कोरडवाहू जमिनीचे पाणी, गावात मिळणारे काम हे प्रश्न वर्गणीने सुटणारे नव्हेत, ते शासनाने आणि कारखान्यांनीच सोडवायचे आहेत आणि त्यासाठी वेगळे भांडावे लागते. परंतु एखाद्या घरातला मुलगा बारावीनंतर डिप्लोमाला जातो की वडिलांच्या जागी कोयता धरतो, हे पुष्कळदा काही हजार रुपये ठरावीक आठवड्यात मिळण्यावर अवलंबून असते, आणि तो आठवडा कोणता, हे जिल्ह्याच्या कचेरीपेक्षा गावाला आधी कळते.

शिष्यवृत्तीचेच उदाहरण घे. शासनाची योजना असते, विद्यार्थी पात्र असतो. तरी महाविद्यालय प्रवेशाच्या वेळी काही रक्कम भरून घेते आणि शिष्यवृत्ती महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरून खात्यात जमा व्हायला काही महिने लागतात. या मधल्या काळासाठी निधीने बिनव्याजी उसने पैसे द्यावेत आणि शिष्यवृत्ती जमा झाली की परत घ्यावेत, म्हणजे तीच रक्कम पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या घरी जाईल. काही वेळा तर पैसाही लागत नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढलेला नसतो, जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज त्रुटीत पडलेला असतो, किंवा मुलगी इकडे सेतू केंद्रात अर्ज भरायला बसलेली असते आणि तिच्या आधारला जोडलेला मोबाइल वडिलांच्या खिशात, सांगली-कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या उसाच्या फडात असतो. तिथे रेंज येईपर्यंत ओटीपीची मुदत संपून जाते. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याचे आधार त्याच्याजवळ राहणाऱ्या मोबाइलला जोडून घेणे, हे काम दप्तर वाटण्याइतके फोटोजोगे नाही. पण त्याने वर्ष वाचते.

लहान मुलांची गोष्ट निराळी आहे. ट्रकमध्ये पत्र्याची पेटी, पाण्याचे पिंप, सरपण, शेळी आणि त्यांच्यामधे दुसरी-तिसरीतली पोरे चढताना तू पाहिली आहेस. ज्या घरात आजी थांबायला तयार असते तिथे मूल गावात राहू शकते, फक्त त्या आजीच्या एकटीच्या बळावर सहा महिने निघत नाहीत. शासनाची हंगामी वसतिगृहे याचसाठी आहेत. ती आपल्या शाळेत मंजूर करून घेण्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत वेळेत पाठपुरावा कर, आणि अनुदान हाती येईपर्यंतचा किराणा, एखाद्या रात्रीचा दवाखाना, थंडीतले पांघरूण एवढे निधीकडे ठेव. शासनाच्या पैशाला पर्याय म्हणून वर्गणी उभी केलीस, तर गाव दोन वर्षांत दमेल.

अशा कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव हिंडून पैसा-पैसा गोळा केला. लोकमान्य टिळकांनी त्या पैसा फंडाला पाठबळ दिले आणि त्यातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. देणाऱ्याने दिलेले नाणे अगदी क्षुल्लक होते, परंतु तिथे तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले, म्हणजे वर्गणीचे रूपांतर माणसांच्या हातातल्या धंद्यात झाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि आपल्या शिक्षणासाठी स्वतः श्रम करीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहासाठी आपले दागिने दिले, ही गोष्ट भाषणांत सगळेच सांगतात. मला त्या घरातले रोजचे धान्य कसे पुरवले जात असेल, याचे अधिक कुतूहल वाटते, कारण दागिना एकदाच देता येतो आणि मुले रोज जेवतात.

हिशोबाबद्दल मात्र कडक राहा. सार्वजनिक वर्गणी घेण्यापूर्वी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे चौकशी करून परवानगी किंवा नोंदणी, जे लागू असेल ते करून घे. स्वतःच्या किंवा मित्राच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नकोस. संस्थेला देणगीवरच्या आयकर सवलतीसाठी मान्यता मिळाली, तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला सवलत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेव. परदेशात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून पाठवलेला पैसा चालतो; ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांची देणगी परकीय योगदान ठरते, आणि परकीय योगदानासाठी लागणाऱ्या केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती घेता येत नाही, मग तो तुझा सख्खा मामा का असेना.

समितीत ऊसतोडीला जाणाऱ्या निदान दोन बाया असू देत. बचत गट चालवलेली बाई कोणाची अडचण खरी आणि कोणाची पुढे ढकलता येण्याजोगी, हे पदवीधरांपेक्षा लवकर ओळखते. वसुलीही तिलाच जमते. बैठक मात्र त्या गावात असतील अशा महिन्यांत, म्हणजे मे ते सप्टेंबरमध्ये घे, नाहीतर त्यांची नावे कागदावर राहतील आणि निर्णय आपण पुरुष पारावर बसून करू. पैसे मिळालेल्या विद्यार्थ्याचे नाव फलकावर लावू नकोस आणि फोटो काढू नकोस. किती जणांना, कोणत्या कारणासाठी, किती रक्कम दिली आणि किती परत आली, एवढे मात्र ग्रामसभेत वाचून दाखव.

यंदा दिवाळी जवळ आली आहे आणि लोकांनी तुझ्याकडे पैसे देऊन ठेवले आहेत, त्यामुळे काहीच न वाटणे तुला अवघड जाईल हे मी जाणतो. तरी देणगीदारांना एकदा स्पष्ट लिहून ही रक्कम जूनपर्यंत बँकेत ठेवण्याची संमती माग. ज्यांना ते मान्य नसेल त्यांचे पैसे आनंदाने परत कर. दरम्यान मुख्याध्यापकांकडे जाऊन दहावी आणि बारावीला बसणाऱ्या मुलांपैकी कोणाचे आईवडील फडावर जाणार आहेत, याची यादी कर आणि ती माझ्याकडे पाठव. दाखले कोणाकोणाचे राहिले आहेत, ते मी इथल्या ओळखीच्या तलाठ्यांना विचारतो.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक निवृत्त शिक्षक