दोन डिस्कचा नॅस घेतला की बॅकअप झाला का? आणि तो जर्मनीतून कसा उघडायचा?

तुमची परिस्थिती मला अशी समजली: घर सांगलीत, सगळ्यांचे मिळून दीड टीबी फोटो आणि व्हिडिओ, गूगलची फुकटची १५ जीबी कधीच भरलेली. दोन डिस्कचा नॅस (घरच्या राउटरला जोडून सगळ्यांच्या फायली एका जागी ठेवणारा डिस्कचा डबा) घेतला की बॅकअपची काळजी मिटेल असं दुकानदाराने सांगितलंय. मुलगी जर्मनीत आहे, तिला फोटो दिसायला हवेत. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून नॅसपर्यंत यायची वाट) उघडून पाहिलं, पण बाहेरून काहीच लागत नाही.

नॅस जरूर घ्या, पण त्याच्या आतली दुसरी डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. मिररिंगमध्ये (सेटिंगमध्ये त्याला रेड १ म्हणतात) एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक डिस्क मेली तरी काम अडत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण घरात कुणाकडून लग्नाचा फोल्डर डिलीट झाला, तर तो दोन्ही डिस्कवरून एकदमच जातो. व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, चोरी झाली, घरात पाणी शिरलं, तरी तेच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून पैशांची विभागणी सुरुवातीलाच करा. नॅसच्या दोन डिस्क आणि त्याशिवाय दोन साध्या यूएसबी हार्ड डिस्क, असा हिशेब धरा. बजेट कमी पडत असेल तर नॅसचं मॉडेल लहान घ्या, पण या दोन डिस्क कापू नका. एक यूएसबी डिस्क नॅसला जोडून ठेवा आणि रोज रात्री आपोआप बॅकअप लावा. सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसमध्ये हायपर बॅकअप नावाचं अ‍ॅप त्यासाठीच आहे. जुन्या आवृत्त्या राहू द्या, म्हणजे गेल्या महिन्यात डिलीट झालेली फाईलही परत मिळते. दुसरी डिस्क दुसऱ्या गावी ठेवायची आणि जाण्या-येण्यात अदलाबदल करायची. कोल्हापूरच्या नातेवाइकांकडे मात्र नको. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही गावांत पूर एकाच वेळी होता. पुण्यात कुणी असेल तर उत्तम. ही डिस्क घराबाहेर राहणार, तेव्हा बॅकअपला पासवर्ड घालून तो एन्क्रिप्ट करा.

नॅसच्या डिस्क घेताना 'सीएमआर' (डिस्कवर लिहिण्याची नेहमीची पद्धत) आहे ना, एवढं विचारा. २०२० मध्ये डब्ल्यूडी कंपनीच्या 'रेड' या नॅससाठीच्या काही डिस्क 'एसएमआर' पद्धतीच्या (यात माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात) निघाल्या आणि नॅसमध्ये डिस्क बदलून पुन्हा भरताना फार रखडायच्या, त्यावरून मोठा गदारोळ झाला होता. डब्ल्यूडीची रेड प्लस किंवा सीगेटची आयर्नवुल्फ घेतली की तो प्रश्न राहत नाही.

राउटरही एकदा तपासा. स्वस्तातल्या पुष्कळ राउटरचे लॅन पोर्ट अजून १०० एमबीपीएसचेच असतात. अशा पोर्टवरून दीड टीबी नॅसवर चढवायला दीड दिवस जातो. गिगाबिट पोर्ट आणि कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल असेल तर तेच काम चार-पाच तासांत होतं. पहिली मोठी कॉपी वायफायवरून करू नका, लॅपटॉपला केबल लावा.

यूपीएस मी ऐच्छिक मानत नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फायली बिघडू शकतात. यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या, त्याची केबल नॅसला जोडा आणि नॅसच्या सेटिंगमध्ये यूपीएस चालू करा. बॅटरी उतरत आली की नॅस स्वतःच नीट बंद होतो.

आता बाहेरून उघडण्याचं. तुमचं पोर्ट का चालत नाही ते पाहू. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन आयपी' (इंटरनेट कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय आणि बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. आपल्याकडे घरगुती फायबरवर हे सर्रास असतं. तुमच्या सेटिंगमध्ये चूक नाही.

आणि पोर्ट उघडलं नाही ते बरंच झालं. एप्रिल २०२१ मध्ये 'क्यूलॉकर' आणि जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' या खंडणीखोर व्हायरसांनी इंटरनेटवर उघडे पडलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठले, लोकांच्या फायली लॉक केल्या आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. त्यात तुमच्या-माझ्यासारख्यांचे घरगुती फोटो होते. नॅसचं लॉगिन पान कधीच थेट इंटरनेटवर ठेवू नका.

त्याऐवजी टेलस्केल वापरा. हे वायरगार्ड तंत्रावर चालणारं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा, फक्त तुमच्या उपकरणांपुरता खासगी मार्ग) आहे, घरगुती वापराला फुकट आहे आणि सीजीनॅटमागूनही चालतं. नॅसवर त्याचं पॅकेज टाका, तुमच्या फोनवर अ‍ॅप टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. मुलीला निमंत्रण पाठवून फक्त नॅस शेअर करा. पोर्ट एकही उघडावं लागत नाही. तिला अ‍ॅपची कटकट नको असेल तर सिनॉलॉजीचं क्विककनेक्ट आहे. ते सोपं, पण पुष्कळदा कंपनीच्या सर्व्हरमार्गे जात असल्याने व्हिडिओ अडखळतात. कोणताही मार्ग घेतलात तरी मुलीचं खातं वेगळं काढा, तिला फोटोंच्या फोल्डरला फक्त पाहण्याची परवानगी द्या आणि स्वतःच्या अ‍ॅडमिन खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा.

घाई मात्र करू नका. बाहेरून उघडण्याची सोय सगळ्यात शेवटी. त्याआधी यूएसबी डिस्कवरच्या बॅकअपमधून एखादा फोल्डर लॅपटॉपवर परत आणून बघा, त्यातला एखादा लांब व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. तो नीट चालेपर्यंत फोनमधला एकही फोटो काढून टाकू नका. आणि एन्क्रिप्शनचा पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या आणखी एकाला तो कुठे ठेवलाय ते दाखवा. तो हरवला तर पुण्यातली डिस्क कुणालाच उघडता येणार नाही, तुम्हालाही नाही.